पोरीनं आडनाव सांगावं का?

निकाल लागले की आमच्या सुलतानपूरच्या वस्तीत माझ्या ओट्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन माणसे येऊ लागतात. पिशवीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि कोपरे झिजलेला एखादा पासपोर्ट फोटो. मी कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम.पर्यंत. दिवसभर एका महाविद्यालयाच्या कार्यालयात कागद पाहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा कागदच पाहायचे, असा माझा वीस वर्षांचा नेम आहे. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, तुमचा संसार माझ्याशी नाही, स्टेपलरशी झाला आहे. पण समाजाचे एखादे लेकरू कागदापायी घरी बसले तर त्या रात्री मला जेवण जात नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून येणाऱ्यांचा चहा त्याच ठेवतात.

मागच्या उन्हाळ्यातील गोष्ट. हमाली करणारे आमच्या वस्तीतील एक बांधव मुलीला घेऊन आले. मुलगी बी.एस्सी. प्रथम श्रेणीत पास झालेली आणि एम.एस्सी.साठी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात तिचा नंबर लागलेला. घराण्यातील पहिली पदवीधर. आई सोयाबीन सोंगायला जाते, बाप पोती उचलतो. कागद तपासून झाले, यादीवर खुणा केल्या, तरी तो माणूस उठेना. मुलगी चपला घालायला बाहेर गेली तेव्हा तो हळूच म्हणाला,

"भाऊ, एक विचारतो. तिथं होस्टेलात चार जातीच्या पोरी राहतीन. कोणी विचारलं त आपल्या पोरीनं आडनाव सांगावं, का नुसतं नाव सांगावं?"

दर १४ एप्रिलला मी माइकवर बोलतो. स्वाभिमान, अस्मिता हे शब्द माझ्या तोंडात बसलेले आहेत. पण त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. "बघू," एवढेच म्हणालो आणि पिशवीची गाठ मारून दिली.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न त्या एका बापाचा नाही. मुलीने गुण मिळवले, गुणवत्ता यादीत नाव आले, कोणी उपकार केले नाहीत. तरीही बाप घाबरतो. ही भीती अडाणीपणाची म्हणून आपण उडवून लावतो. मला तसे वाटत नाही. आपल्या माणसाला विद्यापीठ या शब्दाचा जो अनुभव आला आहे त्यातून ती आलेली आहे, आणि तो अनुभव आमच्या गावापासून फार दूर घडलेला नाही.

मेहकरकडून येणारा रस्ता सुलतानपूरवरून बिबी, दुसरबीड करीत सिंदखेडराजाला जातो. माँसाहेब जिजाऊंच्या जन्मगावी जाणारे लोक वाटेत खडकपूर्णा नदीचा पूल ओलांडतात. बहुतेकांना तो एक पूलच वाटतो. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. औरंगाबादला पायी जायचे होते. थंडीचे दिवस, अंगावर साधे कपडे, पायाला फोड, आणि त्यांत बायका, म्हातारी माणसे, शाळेची मुलेसुद्धा. २७ नोव्हेंबरला हा मार्च खडकपूर्णेच्या पुलावर अडवला गेला. लाठ्या चालल्या, माणसे पकडून नेली. माझा तेव्हा जन्मही नव्हता. पण आमची आजी त्या पुलाचे नाव निघाले की बोलता बोलता थांबायची, एवढे मला आठवते.

मागणी तरी काय होती? कोणाचे शेत मागितले नव्हते, कोणाच्या ताटातली भाकरी मागितली नव्हती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला होता. सरकारने स्वतः केलेल्या ठरावाची अंमलबजावणी करावी, एवढीच मागणी. ठराव झाल्याबरोबर मराठवाड्यात अनेक गावांतील आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ऑगस्ट १९७८ मध्ये मारले गेले. पंधरा वर्षे उलटली तरी प्रश्न सुटला नाही, तेव्हा नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नाव झाले. मी तेव्हा शाळेत होतो. वस्तीत गूळ वाटला गेला आणि संक्रांतीचा दिवस असूनही तिळगुळाची आठवण कोणाला राहिली नाही.

विद्यापीठाच्या नावासाठी ज्या समाजाची घरे जळाली, त्या समाजातील बाप विद्यापीठात मुलगी पाठवताना आडनावाचा विचार करतो. यात नवल ते काय?

आता याच औरंगाबादची दुसरी बाजू पाहा. विद्यापीठ स्थापन झाले १९५८ साली. त्याच्या आठ वर्षे आधी, जून १९५० मध्ये, परमपूज्य बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे महाविद्यालय सुरू केले होते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात, उच्च शिक्षणाची दारिद्र्यरेषा म्हणावी अशी परिस्थिती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, आणि भिक्खू नागसेन हे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारे. राजाने शंका विचारायच्या, भिक्खूने त्या सोडवायच्या, कोणी कोणाचा मान कमी करायचा नाही. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले आणि भोवतालच्या वनाला उत्तर देणाऱ्याचे, हे मला आजही फार मोठे वाटते.

तेथे केवळ आपलीच मुले होती असे नाही. सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना दार उघडे होते. प्राचार्य म. भि. चिटणीस जन्माने आपल्या समाजाचे नव्हते, तरी मिलिंदला त्यांनी आपले आयुष्य दिले. खेड्यातून आलेल्या, पायात चप्पल नसलेल्या पोरांसाठी वसतिगृह होते. तेथे आडनाव विचारून पंगत बसत नव्हती. तेथेच गंगाधर पानतावणे यांनी शिकवले आणि 'अस्मितादर्श' चालवले. अमरावती जिल्ह्यातून आलेले सुखदेव थोरात मिलिंदमधून बी.ए. झाले आणि २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. साऱ्या देशातील विद्यापीठांना पैसा देणाऱ्या संस्थेच्या खुर्चीवर नागसेनवनातला विद्यार्थी! ज्यांना राखीव जागा खुपतात त्यांनी ही वाट एकदा पायी चालून पाहावी.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये अमरावतीच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. ते १ मे १९८३ रोजी सुरू झाले आणि त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. हा शाळेत न गेलेला माणूस. पंढरपूरची आपली धर्मशाळा त्याने बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. भाषण केले, टाळ्या घेतल्या आणि निघून गेले, असे नाही. मूल शिकायचे तर आधी त्याला राहायला खोली हवी, हे त्या झाडूवाल्या संताला कळत होते.

म्हणजे नावे थोरांची आहेत. पाट्या बदलल्या, दारे उघडली. आता दाराच्या आत काय चालते ते मी माझ्या धंद्याच्या बाजूने सांगतो, कारण ते प्राध्यापक लिहीत नाहीत आणि पुढारी तर त्या बाजूला फिरकतही नाहीत. बाहेरच्या माणसाला विद्यापीठ म्हणजे वर्ग, ग्रंथालय आणि पदवीदान समारंभातले झगे वाटतात. गरिबाच्या मुलाचे विद्यापीठ मात्र खिडकीपासून सुरू होते. प्रवेशाची खिडकी, शुल्काची खिडकी, शिष्यवृत्तीची खिडकी, परीक्षा अर्जाची खिडकी. वर्गात त्याला कोणी 'तू' म्हणाले तरी तो सहन करील, पण खिडकीवर कागद परत फेकला गेला की त्याचे वर्ष जाते.

मी महाविद्यालयात शिकत असतानाची एक आठवण आहे. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कारण त्या काळी बहुतेक ठिकाणी असेच चाले. अकाउंट्सचा तास सुरू होता. शिपाई नोटीस घेऊन आला. सरांनी ती मोठ्याने वाचली, "बी.सी.च्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी आत्ताच्या आत्ता कार्यालयात जावे." साठ मुलांच्या वर्गात आम्ही सातजण उभे राहिलो. एवढेच झाले. कोणी शिवी दिली नाही, कोणी हसले नाही. पण दोन महिने माझ्या शेजारी बसून माझ्या वहीतून ताळेबंद उतरवून घेणारा मित्र दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर गेला. सरांच्या मनात काही वाईट नव्हते, असे मी आजही म्हणेन. पण सात मुलांना उभे करायला वाईट मन लागत नाही. एक नोटीस पुरते.

पुढे मी कारकून झालो तेव्हा पहिली गोष्ट ही केली की शिष्यवृत्तीच्या नोटिशीवर जात लिहायची नाही. हजेरी क्रमांकांची यादी फलकावर लावायची, खाली फक्त "कार्यालयात भेटावे". आमच्या बड्या बाबूंनी विचारले, हे नवीन काय? मी म्हणालो, साहेब, यादी सुटसुटीत दिसते. त्यांना सुटसुटीत यादी आवडली. समतेचे असे एखादे काम कधी कधी टापटिपीच्या नावाखाली करून घ्यावे लागते.

पण मी काही धुतल्या तांदळासारखा नाही, हेही येथे कबूल करतो. चार-पाच वर्षांपूर्वी शेवटच्या तारखेला खिडकीवर गर्दी होती. एक मुलगा तिसऱ्यांदा अपुरे कागद घेऊन आला. माझा तोल गेला. "तुम्हा लोकांना कितीदा सांगायचे?" असे मी बोलून गेलो. मुलगा पारधी समाजाचा होता. तो काही बोलला नाही, कागद गोळा करून बाजूला झाला. 'तुम्हा लोकांना' हे दोन शब्द माझ्या बापाने तहसिलीच्या खिडकीवर आयुष्यभर ऐकले होते आणि आता ते माझ्याच तोंडातून बाहेर पडले. संध्याकाळी त्या मुलाला शोधून काढले. त्याच्या वडिलांच्या जन्माची कुठल्याच शाळेत नोंद नव्हती, त्यामुळे जातीचा दाखला अडला होता. नोंद नसलेल्या माणसाला पुरावा आण म्हणून तीनदा परत पाठवले गेले होते, आणि त्यात दोनदा पाठवणारा मीच होतो.

आपण बौद्ध समाजाने याचा विचार केला पाहिजे. बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्यात शिक्षण आले, आपली माणसे खिडकीच्या आतल्या बाजूला बसू लागली. आता बाहेरच्या बाजूला पारधी आहे, कोरकू आहे, गोसावी आहे, मातंग बांधव आहे, बुरखा घातलेली मुस्लिम मुलगी आहे, कुबड्या घेऊन तीन जिने चढणारा मुलगा आहे. (आमच्या कार्यालयाची शिष्यवृत्ती शाखा कित्येक वर्षे वरच्या मजल्यावर होती. ती खाली आणावी हे एकाही शहाण्याला सुचले नाही, मलाही नाही.) त्यांच्याशी आपण कसे बोलतो?

काही मंडळी म्हणतात, नियम सर्वांना सारखे लावा म्हणजे झाले. ऐकायला बरे वाटते. २०२४ साली उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातील अतुल कुमार या दलित मुलाला धनबादच्या आय.आय.टी.मध्ये जागा मिळाली. ती राखण्यासाठी १७,५०० रुपये भरायचे होते, मुदत २४ जून, सायंकाळी ५. बाप रोजंदारीवरचा मजूर. इकडून तिकडून पैसे जमवेपर्यंत शेवटची घटका आली आणि संगणकावर पैसे भरता भरता मुदत संपली. जागा गेली. नियम सर्वांना सारखाच होता ना? ज्याच्या खात्यात १७,५०० पडून असतात त्यालाही पाचच वाजेपर्यंत मुदत, आणि ज्याला ते गावभर फिरून गोळा करायचे असतात त्यालाही पाचच. तो मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. अतुल दिल्लीपर्यंत पोहोचला. आपल्या सुलतानपूर-लोणारकडची किती पोरे ५ वाजून १ मिनिटाने परत फिरली असतील आणि आईला "नंबरच लागला नाही" असे सांगून मोकळी झाली असतील?

खिडकीवरचा अन्याय निदान डोळ्यांना दिसतो. वसतिगृहातला आणि विभागातला तेवढाही दिसत नाही. दिल्लीच्या एम्स या नामांकित वैद्यकीय संस्थेत मागास विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते हे पाहण्यासाठी सरकारने २००६ साली समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच प्रा. सुखदेव थोरात होते. २००७ च्या अहवालात पुढे आले की त्रासाला कंटाळून अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी ठराविक वसतिगृहांत एकवटले होते. उद्याच्या डॉक्टरांची ही तऱ्हा! १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला गेला. त्याला वसतिगृहातून काढले होते आणि सात महिन्यांच्या शिष्यवृत्तीचे पैसे मिळायचे बाकी असल्याचे त्याने शेवटच्या पत्रात लिहिले होते. मी कारकून असल्यामुळे असेल, पण त्या पत्रातील ती एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. २२ मे २०१९ रोजी जळगावकडील तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी मुंबईत गेल्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. त्यानंतर पायलची आई आबेदा आणि रोहितची आई राधिका या दोघींनी मिळून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. एक मुस्लिम आदिवासी आई आणि एक दलित आई. आपली लेकरे परत येणार नाहीत हे माहीत असूनही दुसऱ्यांच्या लेकरांसाठी त्या न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या.

त्या दोघींचे म्हणणे असे की नियम आहेत, पण ते पाळले जात नाहीत. हे नियम २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने केले. आपल्या घरातील किती जणांनी त्यांचे नाव तरी ऐकले आहे? प्रत्येक विद्यापीठात व महाविद्यालयात समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमावा, असे त्यांत सांगितले. आणि भेदभाव म्हणजे काय तेही नावानिशी लिहिले. वर्गात विद्यार्थ्यांच्या जाती जाहीर करणे, त्यांना राखीव म्हणून हिणवणे, वाचनालयात किंवा भोजनगृहात वेगळे बसवणे, जातीवरून टोमणा मारून अभ्यासातील कमीपणा दाखवणे, हे सारे भेदभावात मोडते. माझ्या अकाउंट्सच्या तासाला जे घडले ते नियमांत लिहिलेले पाहून मी पुस्तिका दोनदा वाचली. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने आणखी कडक असे नवे नियम काढले, त्यांवरून देशभर वादंग माजले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच नियम चालू ठेवायला सांगितले. मोठी माणसे न्यायालयात भांडतील. आपण निदान जुने नियम तरी वापरले का, हा माझा प्रश्न आहे.

वापरायचे म्हणजे कसे, तर ते आयाबहिणींसाठी येथे सांगतो, कारण मुलगा-मुलगी बाहेरगावी गेल्यावर फोनवरचा आवाज आईच ओळखते. लेकरू "मेस आवडत नाही", "घरी यावंसं वाटतं" असे वारंवार म्हणू लागले तर ते केवळ भाजीबद्दल बोलत नसते. त्याला "अभ्यासात लक्ष दे" म्हणून गप्प करू नका. कोण काय म्हणाले ते विचारा. तारीख, वेळ, जवळ कोण होते, हे वहीत लिहायला सांगा. तक्रार तोंडी करू नका. तोंडी तक्रारीला कार्यालयात वजन नसते, हे मी आतून सांगतो. लेखी अर्ज द्या, दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आवक क्रमांक पडला की कागद हरवायला कारकूनसुद्धा घाबरतो. शिष्यवृत्ती अडली आणि कोणी दाद देईना, तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात आपला अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबवणारे पालक अजून भेटतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून निघाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर जेवण, खोली आणि निर्वाह यांसाठी शहराप्रमाणे वर्षाला ६० हजार, ५१ हजार, ४३ हजार अशी रक्कम त्यात ठरवली गेली. पैसे उशिरा येतात ही तक्रार खरी आहे, पण अर्जच केला नाही तर उशिरासुद्धा येत नाहीत.

आणि धर्माचा रकाना. यात आपली माणसे फार चुकतात. धम्म स्वीकारला म्हणून सवलत गेली, अशी अवस्था केंद्राच्या पातळीवर आपल्या वडिलांच्या पिढीने १९५६ पासून १९९० पर्यंत भोगली. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती १९६० नंतर चालू ठेवल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडले. आता बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. केंद्राच्या संस्थेत अर्ज करताना मात्र केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवशी तहसिलीत धावाधाव करून तो मिळत नाही.

त्या हमाल बांधवाला मी काय उत्तर दिले ते राहिलेच. मी दिलेच नाही. तीन-चार दिवस मी शब्द जुळवीत होतो, आणि मुलगी जायच्या आदल्या संध्याकाळी बुद्धविहारात वंदनेनंतर सर्वजण बसलेले असताना बापाने पुन्हा तोच विषय काढला. या वेळी मुलीसमोर. ती म्हणाली, "बाबा, दाराच्या यादीवर माझं पूर्ण नाव टाईप केलेलं राहते. मी लपवलं तरी यादी काय लपते?" विहारात हशा पिकला. बाप मात्र हसला नाही. त्याने खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसल्यासारखे केले. आई म्हणाली, "सांग आडनाव. पण रात्री फोन करत जाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला फाट्यावर एस.टी.त बसवून दिले. एक पेटी, एक गादीची वळकटी, आईने दिलेला शेवेचा डबा आणि माझ्याकडची कागदांची फाईल, जिच्यात प्रत्येक दाखल्याच्या चार-चार प्रती होत्या. पंधरा दिवस काही कळले नाही. मग एका रात्री माझ्या फोनवर तिचा आवाज आला. मी घाबरतच विचारले, सर्व ठीक ना?

"ठीक आहे काका. पहिल्या दिवशीच विचारलं एकीनं. मी सांगितलं. ती दुसऱ्या खोलीत गेली."

मी गप्प.

"आता माझ्या खोलीत मेळघाटची एक कोरकू मुलगी आली. तिनं शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला, पण तिच्या बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणते. गावाकडची शाखा लांब आहे. इथल्या शाखेत होईल का?"

मी म्हणालो, होईल. आधारकार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन सकाळी अकराच्या आत जा, अर्ज दोन प्रतींत दे, आणि एका प्रतीवर शिक्का घे. ती म्हणाली, थांबा काका, तिलाच देते फोन, तुम्ही तिलाच सांगा.